उकंडीला तीट

॥ श्रीराम ॥
गेवराई, कार्तिक वद्य सप्तमी, शके १८५१

प्रिय त्रिंबकदादास वच्छलाचा नमस्कार.

'सागरगोटा'चा दिवाळी अंक पोचला. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर पाकीट फोडून पाहिलेलं होतं. आत राजकन्याच राजकन्या, त्यामुळे शिपायांना काही सापडलं नसावं. खरं सांगू? मलाही सापडलं नाही. रागावू नकोस. तू संपादक आहेस, रोज कौतुक ऐकतोस, एखाद्या दिवशी बहिणीचं ऐक. अंकातल्या सगळ्या मुली गोऱ्या, सगळ्या गुणी, आणि सगळ्यांची नावं फुलांची. मी ओट्यावर मुलांना वाचून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी एकालाही एकीचं नाव आठवेना.

काकांनी मला तुझ्याबरोबर पुण्यात ठेवून मॅट्रिक केलं आणि माझं लग्न इथे मोगलाईत झालं, तेव्हा तू म्हणाला होतास, "वच्छीचं शिक्षण आता डाळ-तांदळाच्या हिशेबात जाणार." हिशेब लिहितेच, आणि चोख लिहिते. पण आता गोष्टही लिहिली आहे. सोबत पाठवते. कागद पाठकोरे आहेत, इकडची नोकरी तहसिलीत, तिथून रद्दीत निघालेले आणून दिलेत. मागची उर्दू वाचत बसू नकोस.

गोष्टीतल्या मुलीचं नाव आहे उकंडी. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. शेजारच्या बायडाबाईंची मुलं जगत नव्हती. शेवटची मुलगी झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी रीत केली. बाळ फडक्यात गुंडाळून उकंड्यावर ठेवलं, "अगं बाई, कुणी टाकलं गं हे?" म्हणत स्वतःच उचललं, आणि पसाभर ज्वारी घेऊन बायडाबाईंना विकत दिलं. टाकलेलं, विकलेलं पोर, त्याच्याकडे लेकरं नेणारी सटवाई कशाला बघते? नाव ठेवलं उकंडी. ती जगली, आणि आता दिवसभर माझ्या ओट्यावर असते.

खरी उकंडी कुत्रं दिसलं की माझ्या पदराआड लपते. गोष्टीतली कुणाच्या बापाला भीत नाही. दोघींची एकच खोड सारखी: लोकांनी टाकलेलं उचलायचं. तुटकी फणी, नालाचा खिळा, दोरीचा तुकडा, सगळं परकराच्या ओच्यात. गोष्टीतल्या गावावर संकट आलं की उपयोगी पडतं ते नेमकं ओच्यातलंच. तिच्याशी भांडायला एक कावळा आहे. तो देवळाच्या कळसावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून घास वसूल करतो. त्याचं नाव पेशकार, इकडच्या तहसिलीतल्या वरच्या कारकुनाचा हुद्दा.

वाचून कळव. कौतुक नको, निकाल हवा.

तुझी,
वच्छला

---

पुणे, २ डिसेंबर १९२९

चि. सौ. वच्छीस आशीर्वाद.

तुझी गोष्ट छापखान्यात उभ्या उभ्या वाचली. खिळे जुळवणारा थांबून म्हणाला, "मालक, एकटेच काय हसताय?" कावळ्याचं नाव पेशकार! तहसिलीतल्या खऱ्या पेशकारांच्या कानावर गेलं तर तुझ्या यजमानांचं काय होईल, याचा विचार केला आहेस ना?

निकाल असा: गोष्ट घेतली. तीन अंकांत छापतो. पण मुलीचं नाव बदल.

थोडं धंद्याचं ऐक. 'सागरगोटा' मुलं वाचतात, वर्गणी आई-बाप भरतात. संध्याकाळी पाटावर बसून, पुढ्यात ताट येण्याची वाट पाहत वाचतात. तिथे उकिरडा? माझे निम्मे वर्गणीदार अंक चिमट्यात धरून परत पाठवतील. मी नाव सुचवतो: कुमुदिनी. नाव बदललं म्हणून गोष्टीचा केसही वाकडा होत नाही. ओचा तोच, खिळा तोच, कावळा तोच.

होकार कळव, म्हणजे खिळे जुळवायला देतो.

तुझा,
त्रिंबक

---

॥ श्रीराम ॥
गेवराई, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

दादा,

आज उपासामुळे चूल लवकर उरकली, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझं म्हणणं मी उडवून लावलं नाही, करून पाहिलं. ओट्यावर मुलं जमवली आणि तीच गोष्ट 'कुमुदिनी' घालून सांगायला बसले. "एकदा काय झालं, कुमुदिनी उकंड्यावर गेली..."

"कावून?" आमच्या उकंडीनंच तोंड घातलं. "पाय भरत्याल की तिचे."

मी म्हणाले, "तिला दोरी शोधायची होती."

सोनाराचा पोरगा म्हणाला, "ती कशाला जाती? तिनं गड्याला धाडलं आसंल."

"हां, गड्याला," सगळी पोरं म्हणाली. कुणाला शंकासुद्धा आली नाही.

गड्याला धाडलं, की माझी गोष्ट संपली, दादा. तू म्हणतोस नाव बदलून काही बदलत नाही, आणि इथे पहिल्याच वाक्याला मुलगी घरात जाऊन बसली. कुमुदिनी गडी पाठवते, उकंडी स्वतः जाते. पात्र काय करील आणि काय करणार नाही, ते त्याच्या नावातच अर्धं ठरतं.

आणखी एक. तिन्हीसांजेला आईनं दारातून मारलेली हाक गल्लीच्या टोकाला पोचायला हवी. बायडाबाई "उकंडेऽऽ" म्हणून ओरडतात, ते नदीच्या घाटापर्यंत ऐकू जातं. कुमुदिनीला तशी हाक मारून बघ. तुझ्याच माडीवरून मार, काकू काय म्हणतात ते कळव.

आणि कुमुदिनीला कुणी विचारतं का, तुझं नाव असं का? उकंडीला भेटेल तो विचारतो. विचारलं, की गोष्ट सुरू.

तुझे वर्गणीदार पाटावर बसून वाचतात म्हणालास. त्या पाटाखालची जमीन शेणानंच सारवलेली असते, हे त्यांना एकदा सांग.

नाव राहील, नाहीतर गोष्ट परत पाठव. परतीचं तिकीट मी लावणार नाही.

वच्छला

---

पुणे, २२ डिसेंबर १९२९

चि. वच्छी,

हरलो. माडीवरून खरंच हाक मारून पाहिली. 'कुमु'पर्यंत आलो तोच आई खालून म्हणाली, "अरे, उचकी लागली का? पाणी पी."

उकंडीच छापतो. जानेवारीपासून. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र घालावं म्हणतो. चित्रकार चांगला आहे, पण त्यानं मुंबईबाहेरची मुलगी पाहिलेली नाही. ती कशी दिसते ते लिही.

एक विचारायचं राहिलं. हे नाव काही तू मनानं रचलेलं नाही, ते एका घरचं आहे. त्या घरी विचारलंस ना?

त्रिंबक

---

॥ श्रीराम ॥
गेवराई, पौष शुद्ध षष्ठी

दादा,

विचारलं. उकंडीला म्हणाले, "तुझं नाव पुण्याच्या पुस्तकात छापायचंय, चालेल का?" तिनं ओचा तिथेच सोडला, सगळा ऐवज घरंगळला, आणि नाचत सुटली. म्हणाली, "शिक्का मारून छापत्याल?" तेव्हा परवानगी पक्की.

चित्राचं: परकर-पोलकं, ओचा फुगलेला, नाक सरळ. केस तेल लावून नीट विंचरलेले काढू दे. खरीचे कधी नसतात, पण मुखपृष्ठ आहे. गाल गोबरे. डोळे मोठे. जरा चांगली दिसू दे रे.

पेशकार कावळ्याची मान किंचित वाकडी काढायला सांग. का ते इथल्यांना कळेल.

वच्छला

---

॥ श्रीराम ॥
गेवराई, फाल्गुन शुद्ध तृतीया

त्रिंबकदादास नमस्कार.

दोन्ही अंक मिळाले. चित्र फार सुरेख आहे. तेवढं सुरेख नसतं तर बरं झालं असतं.

पहिले काही दिवस नुसती जत्रा होती. अंक घरोघर फिरला. इकडूनही म्हणणं झालं, की पेशकारसाहेब स्वतः मागून घेऊन गेले आणि मान वाकडी करून हसले. मी फुशारून गेले होते, ते लपवत नाही. मग एका सकाळी बायडाबाई दारात उभ्या राहिल्या. कडेवर घागर तशीच.

"वैनी, पाण्याला गेलते. पाटलाची सून म्हणती, 'काय गुणाची बया तुमची उकंडी! चित्र आलंय म्हनं पुण्याहून, नक्षत्रावानी!' घाटावर समद्या बाया हेच बोलायल्या."

मी हसून म्हणाले, "मग? चांगलंच बोलतात की."

"तेच तर!" घागर त्यांनी आदळलीच. "आजवर कुनी तिला चांगली म्हनलं न्हवतं. म्या म्हनू दिलं न्हाई. पोरगी उकंड्यात झाकून ठिवलीती म्या. तुमी दिवा लावून गावाला दाखिवली."

"बायडाबाई, गोष्टीतली उकंडी वेगळी आहे हो."

"येगळी हाय, तर नाव कावून तिचं?"

दादा, नावावर तुला मी पानभर शहाणपण लिहिलं होतं. या प्रश्नावर मी त्यांची कलंडलेली घागर सरळ करत बसले.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बायडाबाई गेल्यावर म्हणाल्या, "नाव मी ठेवलं ते झाकायला. तू ते मिरवलंस. आणि मिरवायचंच होतं, तर आईला विचारावं की पोरीला?" तू विचारलं होतंस, 'त्या घरी विचारलंस का?' मी उत्तर भलतंच दिलं, आणि ते भलतं आहे हे मला कळलंही नाही.

पुढचं वाईट आहे. त्याच आठवड्यात उकंडीला ताप भरला. मी रामरक्षा म्हणत तिच्या उशाशी बसायला गेले, तर बायडाबाईंनी दारातूनच परत पाठवलं. ताप उतरला, आता ती बरी आहे. पण बायडाबाईंच्या मनानं घेतलं आहे, की या नावाचं कवच फुटलं. पाडवा झाला की माजलगावहून मामाची गाडी येणार, आणि उकंडी तिकडे जाणार. कायमची. तिथे नाव दुसरं. मामीला 'आई' म्हणायचं.

बायडाबाईंचे यजमान आसाराम, त्यांनी बायकोला पुष्कळ समजावलं. त्या त्यांना म्हणाल्या, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं: "जवळ नसली तरी चालंल. आसली म्हंजी झालं."

एकुलती एक मुलगी आहे रे. माझ्या एका गोष्टीपायी ते घर रिकामं होतं आहे.

तेव्हा मार्चच्या अंकात नाव बदल. कुमुदिनी कर, शालिनी कर, काहीही कर. लोकांना सांग, आधी चुकून छापलं होतं. नावाचा गवगवा थांबला, असं बायडाबाईंना दाखवता आलं, तर गाडी रिकामी परत जाईल.

वच्छला

---

पुणे, ११ मार्च १९३०

चि. वच्छी,

मार्चचा अंक तुझं पत्र येण्याआधीच छापून झाला होता. पण झाला नसता तरी मी नाव बदललं नसतं. परतीच्या तिकिटाची धमकी देऊन हे नाव माझ्या गळी उतरवलंस ती तू. आता अर्ध्या वाटेवर उतरवून घेतेस? तापाला कारण डास, हे मॅट्रिक झालेल्या बाईला मी सांगावं? त्या बाईंची समजूत घाल. अंधश्रद्धेपुढे संपादकानं मान तुकवायची नसते.

आणि बदलू म्हटलं तरी कसं बदलू? सोबतचं पुडकं पाहा. ही सगळी मुलांची पत्रं आहेत, 'उकंडीचं पुढे काय झालं?' विचारणारी. साताऱ्याच्या एका मुलीनं बाहुलीचं नाव उकंडी ठेवलं आहे. नागपूरच्या दोघी बहिणी शाळेत एकमेकींना याच नावानं हाका मारतात. बेळगावच्या एका वकिलांची लेक तर उकंडी म्हटल्याशिवाय जेवायला येत नाही. तिच्या आईनं मला चार पानं शिव्या लिहिल्या आहेत, आणि शेवटी वर्गणी पाठवली आहे. जिला पाटावर बसून किळस येईल असं मी म्हणत होतो, ती वर्गणीदार हीच.

ती आता तुझी राहिली नाही, वच्छी, आणि माझीही नाही. पत्रं वाचून परत पाठव, मला उत्तरं द्यायची आहेत.

त्रिंबक

---

॥ श्रीराम ॥
गेवराई, चैत्र शुद्ध तृतीया, शके १८५२

त्रिंबकदादास वच्छलाचा नमस्कार.

आधी भांडण, मग बातमी.

मॅट्रिक मीही झाले आहे. तापाला डास कारण असतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्या बाईनं आपली लेकरं एकामागून एक गोदेकाठी नेऊन ठेवली, तिला मी डास शिकवायला जाणार नाही. घरात मूल जन्मलं की मीही पाचवी पुजते, आणि पाटीवर कोरा कागद अन् लेखणी ठेवते, सटवाईनं बरं लिहावं म्हणून. तू देवीपुढे लेखणी ठेवत नाहीस, एवढाच आपल्यात फरक. तेव्हा 'अंधश्रद्धेपुढे मान' वगैरे तुझ्या अग्रलेखात घाल.

आता बातमी. पुडकं आलं त्या दिवशी मी ते घेऊन सरळ बायडाबाईंच्या घरी गेले. दारात उकंडीचं गाठोडं बांधून ठेवलेलं. तिनं आपला ओचा त्यातच रिकामा केला होता, फणीचे दात फडक्यातून बाहेर आलेले. ती स्वतः कोपऱ्यात बसली होती, माझ्याकडे बघेना.

मी म्हणाले, "बायडाबाई, आधी एक बोलते. तुम्हाला विचारायला हवं होतं, मी पोरीला विचारलं. ते चुकलं. नाव बदला म्हणून पुण्याला लिहिलं, पण आता ते बदलत नाही. का बदलत नाही, तेवढं ऐकून घ्या. मग गाडी जोडा."

"वाचा," त्या म्हणाल्या. चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिल्या.

मी वाचायला लागले. साताऱ्याची बाहुली झाली. त्या थापतच होत्या. नागपूरच्या बहिणी झाल्या.

"त्या बी उकंडी?"

"दोघी."

"मायबाप जित्ते हायत त्येंचे?"

"आहेत की."

भाकरी तव्यावर पडली. मी बेळगावच्या वकिलांच्या लेकीचं वाचलं. बायडाबाई वळून बसल्या. "वकिलाची पोर? आन् उकंडी म्हनल्याबिगर जेवत न्हाई?" मग पदरानं तोंड झाकून जे हसायला लागल्या! "आगं माय! वकिलाच्या घरात उकंडा!"

भाकरी करपली. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या, त्यांनी ती उलटली.

"आजून हायत?" बायडाबाईंनी विचारलं.

"पुडकं भरून."

"समदी वाचा."

सगळी वाचली. कोपऱ्यातली उकंडी सरकत सरकत माझ्या मांडीला येऊन टेकली. वाचून झालं तेव्हा बायडाबाई पिठाचे हात झटकून सावरून बसल्या. मग सासूबाईंना म्हणाल्या, "आत्याबाई, तुमी सांगा. सटवाई आली आन् उकंडी कुटं म्हनून इचारलं, तर?"

सासूबाई म्हणाल्या, "तर काय? साताऱ्याला जाईल. तिथून नागपूर. तिथून बेळगाव."

"वकिलाच्या दारात जाईल?"

"जाईल की. आणि तो तिला कागद दाखव म्हणेल."

"गेवराईपत्तोर यायला तिला उजाडंल का मंग?"

"पाय मोडतील तिचे, बायडे. एका उकंड्यात लेकरू सापडतं. एवढ्या उकंड्यांत कुठे शोधते ती?"

दादा, मला वाटत होतं मी ते नाव उजेडात आणून उघडं पाडलं. या दोघींनी बसल्या जागी त्याचाच उकंडा करून दाखवला, साताऱ्यापासून नागपूरपर्यंत पसरलेला. आणि माझी उकंडी त्याच्या तळाशी पुन्हा झाकून टाकली, पहिल्यापेक्षा खोल.

बायडाबाई उठल्या आणि गाठोड्याची गाठ सोडली. फणी उकंडीच्या हातात दिली. मग माझ्यावर उखडल्या: "पर वैनी, चित्र तुमी चुकीचं काडलंय. केस काय, गाल काय! आशी आसती व्हय माझी पोर? शेंबूड कुटाय? आन् गोष्टीत निस्तं 'शानी उकंडी, शूर उकंडी'. कुनी आसं उघडं कवतिक करतं व्हय लेकराचं? नावं ठिवा की तिला! आळशी म्हना, चोंबडी म्हना, हट्टी म्हना."

"ती हट्टी आहेच," मी म्हणाले.

"मंग लिवा ना. लपवता कावून?"

तेव्हा पुढची गोष्ट लिहायला घेतली आहे, आणि तीत उकंडी हट्टी आहे, चोंबडी आहे, नाक पुसत नाही, आणि पेशकाराला एकदा खोटंही बोलते. लिहिताना माझ्या लक्षात आलं, की पहिल्या तीन भागांत मी तिची कुमुदिनीच करून ठेवली होती, फक्त नाव वाईट दिलं होतं. आता ती माझ्या हाताबाहेर पळते. मी ओट्यावर चार ओळी वाचल्या, तर सोनाराचा पोरगा म्हणाला, "ही खरी हाय." तुझ्या राजकन्यांचं काय अडतं, तेही मला आता कळलं. त्यांना कुणी तीट लावत नाही.

मामाची गाडी काल येऊन गेली. रिकामी नाही गेली, बायडाबाईंनी भावाला शेंगांचं पोतं दिलं. उकंडी आत्ता ओट्यावर बसून नालाचा खिळा घासते आहे.

मुलांची पत्रं परत पाठवते आहे. सोबत पहिल्या अंकाचं मुखपृष्ठही आहे, ते जपून उघड. मी निघताना बायडाबाई म्हणाल्या, "ते चित्र हिकडं आना." दिव्यावर धरलेलं काजळ त्यांनी बोटावर घेतलं. आधी लेकीच्या गालावर लावलं, आणि मग त्याच बोटानं चित्रातल्या मुलीच्या गालावर, दाबून. म्हणाल्या, "आता एवड्या झाल्यात, तर कुनाकुनाच्या दारात जाऊ? समद्यांस्नी हितूनच लावते."

तेव्हा छपाईसाठी चित्राचा ब्लॉक करणाऱ्याला बजावून सांग. पुढच्या प्रत्येक चित्रात गालावर तो काळा ठिपका हवा. शाईचा डाग समजून पुसू नये.

तुझी,
वच्छला